रक्ताची मोजणी

आमच्या घरात विक्रमचा आजार कुठून आला यावर दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्षांचे बंगले एकाच कंपाउंडात आहेत. डाव्या बंगल्यात आबा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ गेनबा. त्यांचं म्हणणं, असलं काही आमच्या घराण्यात नव्हतं, सुनेबरोबर आलं. उजव्या बंगल्यात ती सून, म्हणजे माझ्या सासूबाई मथुराबाई. त्यांचं म्हणणं, आमच्या माहेरी केडगावला आजवर कुणाचं डोकं फिरलेलं नाही, जे काय आहे ते या खराडीच्याच मातीत. सासरे होते तोवर ते या वादात तटस्थ असायचे. ते गेले आणि तटस्थ म्हणून मी एकटी उरले. पण मी नांदेडची, प्रेमविवाह करून आलेली, आयटी पार्कात बसून दुसऱ्यांचे पगार काढणारी. माझं मत इथे धरत नाहीत.

ज्याच्यावरून हा वाद, तो विक्रम माझा नवरा. त्याला बायपोलर आहे. हे त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं, विमाननगरच्या एका कॉफी शॉपमध्ये, कॉफी यायच्या आधी. "कॉफी आल्यावर सांगितलं असतं तर ती संपेपर्यंत तरी तू बसली असतीस," तो म्हणाला होता. "मला भिडेखातर बसलेली नको होती." मी बसले. कॉफीही त्यालाच पाजायला लावली.

लग्नानंतर एकदाच त्याची गाडी फार वर गेली. झोप नाही, भूक नाही, डोक्यात शंभर योजना. त्या आठवड्यात त्यानं खराडी बायपासपासून चंदननगरपर्यंत स्वतःचे फ्लेक्स लावले. 'भावी नगरसेवक' असं वर, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या भावकीचे फोटो. मग दवाखाना, मग औषध बदललं, मग तो पुन्हा आपल्या जेसीबी भाड्यानं द्यायच्या धंद्यात नीट बसला. गाव फ्लेक्स विसरलं. गावात तसे रोजच कुणी ना कुणी लावतं. आबा मात्र विसरले नाहीत, कारण त्यांचा फोटो खालच्या रांगेत होता.

विक्रम दवाखान्यात असतानाच आबा अंगणात, पाहुण्यारावळ्यांच्या देखत म्हणाले होते, "आमच्यात न्हाय बा असलं. बियाणंच बाहेरचं."

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या हातातलं चहाचं ताट घेऊन आत आल्या आणि कपातला चहा एकेक करून बेसिनमध्ये ओतला. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसानं, चारचौघांत, आबांच्या तोंडावर सांगावं, की हे मथुराबाईंचं नव्हे.

असं माणूस एका शनिवारी दुपारी पाठीला सॅक लावून आमच्या फाटकात उभं राहिलं.

डॉक्टर उत्कर्षा दिसायला कॉलेजातल्या पोरीसारख्या. मूळच्या अंबाजोगाईच्या. विक्रमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना आमचं घर सुचवलं होतं, विक्रमला विचारून. पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या, दोन्ही बंगले गोळा झाले. उत्कर्षाताईंनी सांगितलं ते साधं होतं. मनाचे काही आजार एकाच घरात दोघातिघांना होतात. का होतात, आणि त्याच घरातल्या बाकीच्यांना का होत नाहीत, हे रक्तातून शोधायचं काम चाललंय. त्यासाठी अशा घरांतली माणसं हवीत. आजारी हवीत, तशी धडधाकटही हवीत. वडिलांकडची हवीत, तशी आईकडचीही हवीत. प्रत्येकाशी तासभर बोलायचं आणि एक नळी रक्त घ्यायचं.

"रिपोर्ट कधी?" आबांनी विचारलं.

"रिपोर्ट नसतो, आबा. ही तुमची तपासणी नाही. हजारो माणसांचं एकत्र बघितलं तर काहीतरी हाती लागतं. एकाचं बघून कुणालाच काही सांगता येत नाही."

"म्हंजी आमी रगात द्यायचं, आन् आमाला काय?"

"चहा-बिस्किट," विक्रम म्हणाला. "तेपण आपल्याच घरचं."

"फुकट म्हणजे त्यात काहीतरी असतं," आबांचा थोरला मुलगा पुटपुटला. आमच्या घरात फुकट गोष्टीची जेवढी भीती आहे तेवढी सापाची नाही.

उत्कर्षाताईंनी कागद काढले. प्रत्येकाला वाचून दाखवणार, प्रत्येकानं स्वतः ठरवायचं, नको वाटलं तर मध्येच सोडायचं, कुणी रागावणार नाही. आबांनी खिशातलं पेन काढलं. "आना हिकडं. समद्यांच्या वतीनं मी करतो सही."

"तसं नाही चालत, आबा. तुमच्या रक्ताला तुमची सही. काकींच्या रक्ताला काकींची."

"जमिनीला निदान कुलमुखत्यारपत्र तरी चालतं," आबा म्हणाले आणि पेन परत खिशात ठेवलं.

मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार. कारण घरातलं जे काही ठरतं ते आबांच्या पेनानं ठरतं. पण ते नाही म्हणाले नाहीत. पलीकडे आईही लगेच म्हणाल्या, "आमची तयारी हाय." दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून जरा लक्ष देऊन बघितलं. तेव्हा कळलं. एवढ्या सगळ्या बोलण्यातून दोघांनी एकच वाक्य उचललं होतं: वडिलांकडची हवीत, तशी आईकडचीही.

आमच्याकडे भांडण मिटवायचा एकच रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे, तो म्हणजे सरकारी मोजणी. बांधावरून दोन भावांचं वाजलं की मोजणी लावायची. मशीन घेऊन साहेब येतात, खुणा करतात, आणि कुणी कुणात किती घुसलंय ते सगळ्यांसमोर निघतं. साहेब तोंडानं म्हणतातच, मी काही सांगू शकत नाही, निकाल वरून येईल. पण माणसं त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. म्हणून साहेबाला दोन्ही बाजू जेवायला घालतात, आणि आपापल्या माणसांना आदल्या दिवशी शिकवून ठेवतात, काय बोलायचं आणि काय नाही. दोन्ही बंगल्यांनी डॉक्टर उत्कर्षांना मोजणीदार ठरवून टाकलं. त्यांनी रिपोर्ट नसतो म्हटलं, ते तर सगळेच म्हणतात.

दोन्ही बंगल्यांची स्वयंपाकघरं समोरासमोर. खिडक्या उघड्या असल्या की मला दोन्ही चॅनल दिसतात. त्या आठवड्यात आबा आपल्या घरात सूचना देत होते, "आत्याचं नाव कुणी काढायचं न्हाय."

"कोणती आत्या?" नातवानं विचारलं.

"कंच्याच आत्याचं न्हाय."

आत्या म्हणजे आबांची आत्या. एका वर्षी ती म्हणे घरातलं सगळं धान्य नदीकाठी नेऊन पाखरांना घालून आली होती, आणि आठ-आठ दिवस झोपायची नाही. तिला घरात देवाधर्माची म्हणत.

इकडच्या खिडकीत आई फोनवर होत्या. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, संभाजीमामा. मामांचा मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीचा गाळा. म्हणजे राहायला केडगाव आणि रोजचं येणं पुण्यात. तरी बहिणीच्या घरी यायला त्यांना महिनोन्महिने सवड नसायची. आईंचा त्यांच्यावर राग होता तो तेवढाच. "रविवारी यायचं. गाळ्यावर लोड हाय म्हनायचं न्हाय," त्या म्हणत होत्या. "आन् नीट ऐक संभा. त्या डॉक्टरीन बाईला सांगायचं, आपल्यात कुणाला कायबी न्हाय. न्हायच हाय, पण तू ठासून सांग."

पलीकडून आधी नुसता यार्डातला गलका आला. मग, "बरं अक्का."

रविवारी उत्कर्षाताई आल्या. बरोबर रक्त काढायला एक सिस्टर. पहिला प्रश्न खोलीचा निघाला. त्यांना अशी खोली हवी होती जिथे दार लावून एकेकट्याशी बोलता येईल. दोन बंगले, पाच बेडरूम, पण दार लावून एकट्यानं बसायची सवय कुणालाच नाही. कुणी दार लावलं तर बाहेरून विचारतात, बरं नाही का? शेवटी विक्रमची जिमची खोली दिली. तिथल्या ट्रेडमिलवर आम्ही कपडे वाळत घालतो. ते काढले.

माझं रक्त नको होतं. मी बाहेरून आलेली, त्यांच्या हिशोबात बसत नाही. इतकी वर्षं 'तू आता या घरचीच' हे ऐकून घेतल्यावर, शास्त्राच्या मते मी अजून नांदेडचीच आहे हे ऐकून बरं वाटलं. चहा मात्र मीच करायचा, त्याला रक्ताची अट नव्हती.

मानाप्रमाणे पहिले आबा आत गेले. पाव तासात बाहेर. "सांगितलं, समदं झ्याक हाय. कुणाला काय न्हाय." दंडावरची कापसाची पट्टी त्यांनी सदऱ्याखाली झाकली.

मग आबांच्या मिसेस, सुशीलाबाई काकी गेल्या. काकींचा आवाज मी लग्नाला इतकी वर्षं होऊन फारसा ऐकलेला नव्हता. त्यांच्या वाटणीचं आबाच बोलतात. पाव तास झाला. अर्धा झाला. तास झाला. आबा पोर्चमध्ये येरझाऱ्या घालायला लागले.

"एवढं काय बोलत असंल ती? तिला तर कायच माहीत न्हाय."

"आबा, नाश्ता घ्या," मी म्हटलं.

"दार वाजवून बघ गं."

"वाजवायचं नाही असं सांगितलंय."

दार उघडलं तेव्हा काकी अशा बाहेर आल्या जशा लेकीच्या घरी चार दिवस राहून आल्यात. दंडावरची पट्टी पदराबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी.

"काय इचारलं?" आबा.

"इचारलं, तुमाला कसं वाटतं."

"मंग?"

"मंग सांगितलं."

"तासभर?"

"एवढ्या वर्षांचं व्हतं," काकी म्हणाल्या. खुर्चीत बसल्या. आबा उभे असताना त्या खुर्चीत बसलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. "आन् तुमचं पोट दुखायचं ते बी सांगितलं."

"माझं पोट कवा दुखत व्हतं?"

"धाकटी शैला व्हायच्या वक्ताला. वरीसभर गोठ्यात बसून व्हता. हाक मारली की भिंतीकडं तोंड. ताट नेऊन दिलं की म्हशीला घालायचा. मामंजी गावाला सांगायचे, गेनबाचं पोट दुखतंय. मी बी तेच सांगत आले. आज त्या बाईला म्हणलं, पोट न्हवतं ते."

आबांच्या थोरल्या मुलाला ही गोष्ट माहीत नव्हती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आईंना माहीत होती की नाही ते कळलं नाही, पण त्यांच्या हातातलं लाटणं थांबलेलं मी खिडकीतून पाहिलं. सगळ्यांना वाटलं आता आबा कडाडणार.

विक्रम उठला. आबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. दवाखान्यातून आल्यापासून तो आबांच्या शेजारी बसलेला नव्हता.

"वर्षभर, आबा? गोळीबिळी काहीच नाही?"

आबा जमिनीकडं बघत होते. "तवा कुठली गोळी."

"मला सहा आठवडे होतं तसं, तर वाटलं संपलं सगळं. तुम्ही वर्ष कसं काढलं?"

"काढलं न्हाय. ते आपलं जात व्हतं."

"मग उठलात कसे?"

आबांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसावा, कारण कुणाला पोटाशिवाय काही माहीतच नव्हतं. "म्हैस अडली," ते म्हणाले. "घरात कुणी न्हवतं. रेडकाचे पाय आडवे. म्या न्हाय उठलो तर दोन्ही जात व्हती. मंग उठलो."

"आणि?"

"रेडी झाली. लई दूध दिलं तिनं पुढं."

विक्रम हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. आबांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, आणि मग त्यांच्याही मिशा हलल्या. "हसतंय काय बावळटा," ते म्हणाले, पण 'बावळटा' अशा सुरात म्हणाले जसं पोरगं पहिला नंबर घेऊन आलंय.

आईंनी या सगळ्याचा एकच अर्थ काढला. आपण जिंकलो. मोजणीदारानं खूण ठोकायच्या आधीच समोरच्यानं कबूल केलं होतं. त्या दिवशी त्या पदर असा खोचून फिरल्या की त्यांचं वय मला दहा वर्षांनी कमी वाटायला लागलं. आबांच्या घरून डॉक्टरांसाठी पुरणपोळी आली होती, आमच्याकडे मटण होतं. उत्कर्षाताईंना दोन्ही ताटं वाढली, त्या बिचाऱ्या दोन्ही जेवल्या. आबांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काय निघालं मंग?"

"पुरण छान झालंय, आबा," त्या म्हणाल्या.

आई आबांना वाढायला आल्या. डोक्यावर पदर, नजर खाली, सगळं रीतीप्रमाणे. फक्त म्हणाल्या, "रस्सा घ्या आबा. पोटाला बरा असतो."

संभाजीमामा जेवायच्या तास-दीड तास आधीच आले होते. पांढरा शर्ट, खांद्यावर स्वतः आणलेली कांद्याची गोणी, आणि फाटकापासूनच आवाज. मामा आले की घरात चार माणसं आल्यासारखं वाटतं. आल्या आल्या ते खोलीत गेले, आणि बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. "कांद्याचा धंदा," ते आम्हाला म्हणाले. "डोळं काय, येतंच पानी." आईंनी लांबूनच हातानं विचारलं, सांगितलंस ना? त्यांनी मान हलवली. कशी हलवली, ते दोन्ही अर्थांनी घेता आलं असतं.

आता ते पंगतीत आबांच्या समोरच बसले होते. आबांचा त्या दिवशी पराभव झालेला, आणि हरलेला माणूस शेवटचा डाव टाकून बघतोच. ते म्हणाले, "पाव्हणं, आमचं तर निघालं. तुमच्यात समदं झ्याक असंल?"

आई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्या हसत होत्या. इतकी वर्षं ज्या उत्तराची त्यांनी वाट बघितली ते चार माणसांत, आबांच्या तोंडावर, आत्ता येणार होतं.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांचं लक्ष विक्रमकडं होतं. विक्रमचं जेवण झालं होतं. त्यानं रोजच्यासारखी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, पंगतीतल्या कुणाकडं न बघता गोळी फोडली, पाण्याबरोबर घेतली. तो ती कधी लपवून घेत नाही. लग्न ठरतानाच त्यानं ती अट घातली होती.

"भाचेबुवा," मामा म्हणाले, "तांब्या हिकडं सरकवा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढली. चंदेरी, विक्रमच्याच गोळ्यांची. अंगठ्यानं एक गोळी फोडली, हातावर धरली, सगळ्या पंगतीला दिसेल इतका वेळ धरली, आणि तोंडात टाकून वरून पाणी प्यायले.

"न्हाय आबा," ते म्हणाले. "आमच्यात बी हाय."

भाताचं पातेलं मी पुढं होऊन धरलं नसतं तर आबांच्या ताटात गेलं असतं.

"कधीपासनं?" आईंचा आवाज बारीक झाला होता.

"विक्रमच्या आधीपासनं अक्का."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगायचं? तू हितं भांडत व्हतीस, माझ्या माहेरी कुणाला काय न्हाय म्हणून. मी सांगितलं असतं तर तुझं भांडण मोडलं असतं." मामा हसायचा प्रयत्न करत होते. "वाईट दिस आलं की मी यायचोच न्हाय. तुझ्या हुंबऱ्यावर गप बसलो असतो तर लगेच कळलं असतं समद्यांना. मंग म्हणायचं, लोड हाय."

आईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. जेवताना माणसाला मारू नये, पण घातला. मग त्या आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, डबा काढत होत्या, झाकण लागत नव्हतं कारण ते दुसऱ्या डब्याचं होतं.

"किती शिव्या दिल्या गं मी त्याला," त्या म्हणाल्या. "येत न्हाईस, बहिणीची माया न्हाय, पैशाच्या मागं लागलास. आन् तो तिकडं एकला."

मी झाकण काढून दुसरं लावलं. 'आमच्या माहेरी कुणाला काय न्हाय' हे वाक्य त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलं होतं, आणि त्याचा खर्च भाऊ लांब राहून भरत होता. हे मी बोलले नाही. सासूला हिशोब दाखवायची वेळ निवडावी लागते.

"मी हरले का गं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"बाहेर जाऊन बघू या," मी म्हटलं. "कुणी जिंकलंय असं दिसतंय का."

बाहेर आबा मामांच्या ताटात स्वतः पुरणपोळी वाढत होते. आबा वाढतात हे दृश्य काकी अशा बघत होत्या जसं टीव्हीवर काहीतरी लागलंय. आईंना बघून आबा खाकरले. आता ते तो जुना टोमणा मारणार असं मला वाटलं. मामांच्या गोळीनं त्यांना आयतं हत्यार दिलं होतं.

"मथुराबाई," ते म्हणाले, "मोजणीत दोन्हीकडचं क्षेत्र भरलं."

आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमचं जरा जास्त भरलं," त्या म्हणाल्या.

"जास्त कसं? एक मी."

"आन् पाखरांना धान्य घालणारी आत्या?"

आबांनी नातवाकडं रोखून बघितलं. नातू लगेच ताटात बघायला लागला.

"डॉक्टरीन बाई, तुमीच सांगा," आबा म्हणाले. "अर्धं-अर्धं धरायचं का?"

उत्कर्षाताईंनी हात धुतले, पदार्थांची नावं घेऊन दोन्ही घरांचं कौतुक केलं, आणि सांगितलं, की असं अर्धं, पाव, पाऊण आज तरी कुणालाच सांगता येत नाही. घराण्यात असलं तरी सगळ्यांना होतंच असं नाही, नसलं तरी एखाद्याला होतं. आणि कुणी कुणाला मुद्दाम दिलेलं नसतं. "म्हणूनच तर तुमच्या सगळ्यांच्या नळ्या नेतेय," त्या म्हणाल्या. "मला माहीत असतं तर मी एवढं जेवले कशाला असते?"

"तुमाला येत नसंल मोजायला," आबा म्हणाले. "आमी मोजलं."

त्या दिवशी आई सगळ्यात शेवटी खोलीत गेल्या. तासाच्या वर आत होत्या. काय सांगितलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी मामांना फाटकापर्यंत सोडायला त्या गेल्या आणि तिथे उभ्या राहून अंधार पडेपर्यंत त्यांना झापत होत्या. मामा मान खाली घालून हसत ऐकून घेत होते.

दिवाळी सरली आणि नोव्हेंबरात मामांचा फोन आला. आवाज पार तळाशी गेलेला. पण लोड हाय म्हणाले नाहीत. "अक्का, येऊ का?" एवढंच.

विक्रम स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला, येताना डॉक्टरांकडून औषधही बदलून आणलं. आईंनी जिमच्या खोलीतले कपडे पुन्हा काढले. मामा सकाळी पोर्चमध्ये उन्हाला बसायचे आणि बसूनच राहायचे. चहा समोर गार व्हायचा. चार माणसांचा आवाज करणारा माणूस एका माणसाचाही करेना.

आबा दुसऱ्या दिवसापासून आमच्या पोर्चमध्ये यायला लागले. खुर्ची ओढून शेजारी बसायचे. काय झालं, कसं वाटतं, असलं काही नाही. पेपर उघडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आज कांदा दहा किलोला नव्वद."

मी पेपर बघितला. त्यात तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "आज पंच्याऐंशी." मी म्हटलं, "आबा, भाव तर त्याच्या दुप्पट…" आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुधाचं पातेलं बघायला आत गेले.

असं सगळा आठवडा चाललं. भाव रोज उतरत होता. मामा फाटकाबाहेरच्या रिक्षांकडं बघत बसलेले. आबा साठावर आले. मग एका सकाळी त्यांनी पेपर झटकला आणि म्हणाले, "गेला कांदा. पन्नास. म्हणं यार्डात कुणी हात लावंना."

"कोण म्हणतं?" मामा म्हणाले.

आवाज जेमतेम होता. आबांनी पेपरातून मान वर केली नाही. "पेपरवाले म्हणत्यात."

"पन्नासला सालपटं बी येत न्हाईत."

"मंग काय भाव असंल?"

"जुना का नवा ते सांगा आधी," मामा म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. चांगली, धंद्यातली आठी. "चाकणचा का नगरचा? न कळता भाव वाचता का तुमी?"

आई कणकेचे हात घेऊन दारात आल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण तोंड नेहमीचंच. "आबा," त्या ओरडल्या, "माझ्या माहेरच्या मानसाचं डोकं फिरवू नका!"

"ते आदीच—" आबा म्हणाले आणि थांबले, कारण विक्रम गाडी पुसता पुसता हसत सुटला होता, आणि पलीकडच्या खिडकीतून काकीही. शेवटी मामा हसले. फार नाही, पण दात दिसले. मग त्यांनी माझ्याकडे फोन मागितला. गाळ्यावर विचारायचं होतं, पन्नासनं विकणारा हा शहाणा कोण.